राखेजवळची मुलगी आणि घरातला पडदा

मागील अंकात या सदरात मी ‘सिंड्रेला’ या १९९७ सालच्या अमेरिकी दूरचित्रवाणी-चित्रपटाविषयी लिहिले होते. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांची गीते असलेली ही संगीतिका २ नोव्हेंबर १९९७ रोजी एबीसी वाहिनीवरून दाखवली गेली. तीत ब्रँडी ही तरुण गायिका सिंड्रेलाच्या भूमिकेत होती, तर व्हिटनी ह्यूस्टन परी झाली होती. त्या लेखावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांतले प्रश्न थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे.

एक वाचक भगिनी, अमळनेर : आपला लेख वाचून मी तो चित्रपट माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसोबत पाहिला. तिला तो आवडला, पण तिने विचारले, “पुस्तकातली सिंड्रेला गोरी आणि सोनेरी केसांची आहे, मग ही सावळी कशी? राणी काळी, राजा गोरा आणि राजपुत्र तिसऱ्याच चेहऱ्याचा, असे कसे?” माझ्या सासूबाईंचे म्हणणे, ही खरी सिंड्रेला नव्हेच. खरी कोणती, हे मुलीला काय सांगावे?

उत्तर : ताई, आपल्या मुलीने ज्या सोनेरी केसांना प्रमाण मानले, ते केस या कथेत फार उशिरा आले. आज घरोघरी ओळखीचा असलेला तो चेहरा डिस्नेच्या १९५० सालच्या व्यंगचित्रपटाने रुजवला आणि पुढे पुस्तके, दप्तरे, कंपासपेट्या यांवर तोच उमटत राहिला. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये ही कथा छापली, तेव्हा त्याने मुलीच्या सौम्य स्वभावाचे आणि रूपाचे कौतुक केले, परंतु केसांचा रंग काही सांगितला नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन संग्रहातही तो नाही. पेरोच्या आधी १६३४ मध्ये इटलीत बाझिलेच्या संग्रहात हीच मुलगी भेटते. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात, दुआन चंग-श या चिनी लेखकाने येश्येन नावाच्या एका सावत्र मुलीची गोष्ट लिहून ठेवली आहे. तीत सावत्र आई मुलीने जिवापाड जपलेला मासा मारते, त्या माशाची हाडे मुलीला वस्त्रे देतात आणि तिचा सोन्याचा जोडा एका राजाच्या हाती लागतो. मेरियन रोल्फ कॉक्स या इंग्रज अभ्यासक बाईंनी १८९३ मध्ये या कथेची ३४५ रूपे गोळा करून छापली. त्यामुळे सासूबाईंना ‘खरी’ सिंड्रेला हवी असेल, तर तिचा काळ आणि देश कोणता धरायचा, हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

तरीही या सगळ्या मुलींमध्ये एक खूण आढळते आणि ती मुलीला सहज दाखवता येईल अशी आहे. फ्रेंच ‘सांद्रियाँ’, जर्मन ‘आशनपुटेल’, इटालियन ‘चेनेरेंतोला’, चेक ‘पोपेल्का’ या चारही नावांच्या पोटात त्या त्या भाषेतला राखेचा शब्द आहे. इंग्रजी ‘सिंड्रेला’तही निखाऱ्यांची विझलेली कोळशी आहे. चुलीजवळ निजणारी, अंगाला राख लागलेली म्हणून घरातल्यांनी तिला हे नाव हिणवण्यासाठी ठेवले. कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून उरलेली करडी राख नारळाच्या शेंडीवर घेऊन पितळी तपेली घासणाऱ्या बायकांच्या बोटांची पेरे कशी पांढरी पडत, भेगांमध्ये ती राख कशी बसून राही आणि पाण्याने धुतली तरी संध्याकाळपर्यंत कशी दिसे, हे आपल्या सासूबाईंनी पाहिले असेलच. कदाचित स्वतःच्या हातांवरही पाहिले असेल. या मुलीची ओळख त्या बोटांवर आहे. ती बोटे गोरी की सावळी, हे प्रत्येक सांगणाऱ्याने आपापल्या घराकडे पाहून ठरवले आणि कथेच्या प्रवासात त्याने काही बिघडले नाही.

आता चित्रपटातल्या राजघराण्याविषयी. राणी व्हूपी गोल्डबर्ग, राजा व्हिक्टर गार्बर आणि राजपुत्र मनिला येथे जन्मलेला पाओलो मोंताल्बान, असे ते कुटुंब आहे. या तिघांचे चेहरे एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा एका शब्दानेही खुलासा चित्रपट करत नाही. सिंड्रेलाच्या दोन सावत्र बहिणींपैकी एक गोरी आणि एक काळी आहे, आई बर्नाडेट पीटर्स गोरी आहे, तरी तेथेही कुणाला काही विचारावेसे वाटत नाही. मला हे फार योग्य वाटते. भोपळ्याची गाडी होते हे ज्या गोष्टीत मूल निमूटपणे मान्य करते, त्या गोष्टीत आईबापांच्या रंगाचा हिशेब मागण्याचे कारण उरत नाही. व्हिटनी ह्यूस्टन या स्वतः आधी सिंड्रेलाची भूमिका करणार होत्या. प्रत्यक्ष चित्रीकरण होईपर्यंत काही वर्षे गेली, तेव्हा त्यांनी परीची भूमिका घेतली आणि सिंड्रेलासाठी अठरा वर्षांची ब्रँडी निवडली गेली. अमेरिकेतल्या कितीतरी काळ्या मुलींनी मुकुट घातलेली आपल्यासारखी मुलगी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मुलीला सांगायचे झाले तर इतकेच सांगावे, की पुस्तकातली मुलगी एका चित्रकाराने काढलेली आहे आणि ही दुसऱ्याने. मग तिला कागद-रंग देऊन तिसरी काढायला बसवावे आणि तिने कोणता रंग उचलला हे पाहावे. त्यावर टीका मात्र करू नये.

एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ : आपण ‘दूरचित्रवाणी-चित्रपट’ असा वेगळा प्रकार मानता. माझ्या समजुतीप्रमाणे मोठ्या पडद्यासाठी पैसे जमले नाहीत, की तोच सिनेमा टीव्हीसाठी काढतात. मग त्याचे एवढे कौतुक कशासाठी?

उत्तर : नाना, या चित्रपटाच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने आयुष्यभर रंगभूमीसाठी संगीतिका लिहिल्या, पण केवळ दूरचित्रवाणीसाठी त्यांनी एकच लिहिली, ती ‘सिंड्रेला’. ३१ मार्च १९५७ च्या रविवारी संध्याकाळी सीबीएस वाहिनीवरून ती थेट प्रक्षेपित झाली. एकवीस वर्षांच्या ज्युली अँड्र्यूज सिंड्रेला होत्या. ‘थेट’ या शब्दाचा अर्थ आपल्यासारख्या रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही: गाडी सुटली की सुटली. न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओच्या मर्यादित जागेत चौक, सावत्र आईचे घर, राजवाडा आणि वाद्यवृंद असे सगळे बसवले होते. जाहिरातींसह दीड तासाच्या कार्यक्रमात कुणी वाक्य विसरले, झग्याचे बंद अडकले किंवा भोपळ्याच्या जागी गाडी यायला क्षणभर उशीर झाला, तर ते लाखो घरांत तसेच दिसणार होते. त्या रात्री दहा कोटींहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम पाहिला असा अंदाज आहे आणि अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे सतरा कोटी होती.

प्रक्षेपण रंगीत होते, पण ते रंग आज कुणालाही पाहायला मिळत नाहीत. त्या काळी थेट कार्यक्रमाची प्रत ठेवण्यासाठी टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करीत. तशी कृष्णधवल प्रत तेवढी शिल्लक राहिली आहे. ती थोडी धूसर आहे, कडा मऊ झाल्या आहेत, तरीही ज्युली अँड्र्यूज यांचा आवाज त्या धुक्यातून सरळ येतो. १९६५ मध्ये हीच संगीतिका लेस्ली अ‍ॅन वॉरन यांना घेऊन पुन्हा केली गेली, तेव्हा ती चित्रफितीवर ध्वनिमुद्रणासह रंगीत टिकली आणि पुढची काही वर्षे पुन्हा पुन्हा दाखवली गेली. १९९७ चा चित्रपट हे या संगीतिकेचे तिसरे दूरचित्रवाणी-रूप. त्यासाठी सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते आणि पहिल्या प्रक्षेपणाला सुमारे सहा कोटी प्रेक्षक लाभले. पैसे जमले नाहीत म्हणून टीव्हीकडे वळलेल्या कामाची ही लक्षणे नव्हेत.

तरी माझे कौतुक खर्चासाठी नाही. घरात पाहिल्या जाणाऱ्या कथेची काही वेगळी गरज असते आणि ती या जोडीने ओळखली होती, याचे मला मोल वाटते. चित्रपटगृहातल्या अंधारात आपण एकेकटे असतो. घरात मात्र आजी माळ ओढत असते, एक मूल मांडीवर झोपलेले असते, स्वयंपाकघरातून कुणीतरी “काय झालं पुढे?” असे विचारते. अशा ठिकाणी मोठमोठ्या गर्दीच्या दृश्यांपेक्षा एकट्या माणसाचा चेहरा अधिक पोचतो. या संगीतिकेतले माझे सर्वांत आवडते गाणे सिंड्रेला आपल्या कोपऱ्यात, आपल्या लहानशा खुर्चीवर बसून म्हणते. सगळ्यांची कामे उरकली आहेत, पुन्हा हाक येईपर्यंत थोडा वेळ हाती आहे आणि तेवढ्या वेळात ती मनाने कुठकुठल्या देशांत हिंडून येते. तो कोपरा मोठ्या पडद्यावर कदाचित हरवला असता. घरातल्या पडद्यावर तो आपल्याच घरातला कोपरा वाटतो.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. रामानंद सागर यांनी १९८५ मध्ये दूरदर्शनसाठी ‘विक्रम और बेताल’ ही मालिका काढली, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि ओसरीपर्यंत माणसे बसत. पाठीवरचा वेताळ प्रश्न विचारी तेव्हा विक्रमाच्या आधी ओसरीवरूनच दोन-तीन उत्तरे येत. गोष्ट सांगणारा आणि ऐकणारे एकाच छपराखाली असल्याची ती भावना मला टीव्हीच्या कथाचित्रांत नेहमी हवीशी वाटते.

जाता जाता आणखी एक सांगण्यासारखे आहे. १९७३ मध्ये वाक्लाव्ह व्होर्लीचेक यांनी ‘पोपेल्का’ची चेक कथा पडद्यावर आणली. तो चित्रपट चित्रपटगृहांसाठी काढलेला असला, तरी जगला तो टीव्हीवर. युरोपातल्या अनेक घरांत नाताळच्या दिवसांत तो आजही लावला जातो. नॉर्वेमध्ये तो दाखवताना स्त्री-पुरुष अशा सर्व पात्रांचे संवाद क्नूट रीसान या एकाच नटाच्या आवाजात ऐकू येतात आणि तेथील लोकांना तो बदललेला चालत नाही. एकच आवाज सावत्र आईचा, राजाचा आणि मुलीचाही होतो. आपल्या आज्यांनी गोष्टी सांगताना दुसरे काय केले?

एक विद्यार्थी वाचक, चोपडा : काचेचा जोडा ही भाषांतराची चूक असून मूळ शब्द केसाळ कातडे असा होता, असे ऐकतो. खरे काय?

उत्तर : फ्रेंच भाषेत काच आणि एका जातीच्या खारीचे मऊ कातडे या दोहोंच्या शब्दांचा उच्चार सारखाच होतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात बाल्झाकसारख्या मोठ्या लेखकानेही कातड्याची बाजू घेतली. पेरोच्या १६९७ च्या छापील कथेत मात्र काचच आहे. काचेच्या जोड्याने नाचता येत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. ज्या रात्री उंदरांचे घोडे आणि सरड्यांचे सेवक झाले, त्या रात्रीचा तो जोडा आहे. शिवाय काच ताणून मोठी करता येत नाही आणि दाबून लहानही होत नाही, म्हणून ओळख पटवण्यासाठी तिच्याइतकी चोख वस्तू नाही. ग्रिम बंधूंच्या कथेत जोडा सोन्याचा आहे आणि तो पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा, तर दुसरी टाच कापून घेते. आपण परीक्षेसाठी लिहीत असाल, तर दोन्ही कथांची नावे वेगवेगळी लिहावीत. उत्तरपत्रिकांत ही गल्लत नेहमी होते.

एक वाचक भगिनी, धुळे : मी महिलांच्या बचत गटांमध्ये काम करते. राजपुत्र येईल आणि आपले भले करील, अशी वाट पाहणाऱ्या मुलीची गोष्ट आपण आजच्या मुलींना का दाखवावी? आपल्यासारख्यांनी तिची भलामण करावी याचे मला वाईट वाटले.

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो पुष्कळ अंशी खरा आहे. पेरोने आपल्या कथेच्या शेवटी दोन बोध जोडले आहेत. पहिल्यात तो सांगतो की, रूपापेक्षा मनाचा गोडवा मोलाचा. दुसऱ्यात म्हणतो की, बुद्धी, धैर्य, कुळ असे सगळे असले तरी पाठीशी कुणी वडीलधारे नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. राजदरबारात वावरलेल्या माणसाचा हा अनुभव असेल, परंतु मुलींच्या हाती द्यावा असा तो धडा नव्हे.

असे असले तरी वाट पाहत बसणारी मुलगी प्रत्येक रूपात आढळत नाही. ग्रिम बंधूंच्या कथेत परी मुळीच नाही. तेथे मुलगी आईच्या थडग्यावर एक फांदी लावते, रोज जाऊन रडते, त्या आसवांवर तिचे झाड होते आणि उत्सवाला जायचे त्या दिवशी ती त्या झाडाखाली उभी राहून स्वतः मागणे मागते. त्याआधी सावत्र आई मसुराचे भांडे राखेत ओतते आणि म्हणते, “दोन तासांत निवडून दे, मग जा.” पाखरे येऊन ती डाळ निवडून देतात, तर सावत्र आई दुप्पट डाळ ओतते. ज्या बाईने सूप हातात धरून तासन्‌तास धान्य पाखडले आहे, खडे वेचताना मान अवघडली आहे आणि तरी “अजून झालं नाही का?” हे ऐकले आहे, तिला हा प्रसंग परदेशी वाटणार नाही. आपल्या गटातल्या बायकांना तो सांगून पाहावा. मुलीला केलेली कामे मोजली जात नाहीत, पुरी केली तरी नवी पुढे येतात आणि दिलेला शब्द फिरवला जातो, ही या कथेतली तक्रार आहे. राजपुत्र नंतर येतो.

१९९७ च्या चित्रपटाने या तक्रारीला आपल्या परीने उत्तर दिले आहे. त्यात राजपुत्र आणि सिंड्रेला यांची पहिली भेट नृत्याच्या रात्री होत नाही. ती आधीच बाजारात होते, तीही दोघे साध्या कपड्यांत असताना. बाईशी कसे वागावे, राजकन्येसारखे का, असे तो विचारतो तेव्हा ती म्हणते की, माणसासारखे, मायेने आणि आदराने वागावे. शेवटी राजपुत्र जोडा घेऊन दारात येतो, तेव्हाही ती ओट्यावर बसून राहिलेली नाही. आपले सामान घेऊन त्या घरातून बाहेर पडण्याच्या तयारीत आहे. जोडा पायात बसला नसता, तरी ती गेलीच असती. पटकथाकार रॉबर्ट फ्रीडमन यांनी केलेला हा बदल लहान दिसतो, पण त्यामुळे मुलीचे भले होण्याचा क्षण जोड्याच्या मापावरून उचलून तिने उंबरा ओलांडण्यावर आणून ठेवला जातो.

तरीही मला या चित्रपटातले सगळे पटते असे नाही. सावत्र बहिणींच्या चालण्या-बोलण्यावर प्रेक्षकांनी हसावे म्हणून त्यांना जितके वेडेविद्रे केले आहे, तितके करायला नको होते. त्याही आईच्या धाकाखाली वाढलेल्या मुलीच आहेत. त्यांच्यासाठी शेवटी राजवाड्याचे दार बंद होते, हे पाहून लहान मुले टाळ्या वाजवतात. पेरोची सिंड्रेला मात्र बहिणींना क्षमा करून सोबत नेते. येथे मला जुने अधिक चांगले वाटते. आपण मुलींना हा चित्रपट दाखवलात, तर त्या दाराशी थांबून हा प्रश्न जरूर काढावा.

एक शिक्षक, शहादा : येत्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलांकडून ही कथा अहिराणीत बसवण्याचा विचार आहे. राजवाडा, परी, घोडागाडी हे आमच्या गावात कसे आणावे, हे सुचत नाही. तसेच असे करायला कुणाची परवानगी लागते का?

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्राने मला सर्वाधिक आनंद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

परवानगीचे आधी सांगतो. मूळ कथा कुणाच्याही मालकीची नाही. पेरो आणि ग्रिम बंधू यांचा काळ केव्हाच लोटला आहे. १९५७ च्या संगीतिकेतली गाणी आणि १९९७ ची पटकथा यांची गोष्ट वेगळी आहे. संगीतकार रॉजर्स १९७९ मध्ये वारले आणि आपल्या कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. म्हणून त्या चाली उचलू नयेत. त्यांची आपल्याला गरजही पडणार नाही.

आता गावात कसे आणावे, याविषयी. श्रावणात मी माझ्या बहिणीकडे एरंडोलला गेलो होतो, तेव्हा तिच्या घरच्या टीव्हीवर हा चित्रपट लावला. बहिणीच्या ऐंशीच्या घरातल्या चुलत सासूबाई भिंतीला टेकून वाती वळत बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हते आणि आम्ही कुणी अर्थ सांगतही नव्हतो. मुलगी भांडी आवरते, सगळ्या जणी नटून निघून जातात आणि ती एकटी मागे राहते, एवढे पाहून त्यांनी वातीचा कापूस खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, “हाई ते नावडती शे!” ही तर नावडती आहे. त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत त्यांनी वात वळली नाही.

त्यांनी ओळखली ती श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून. आटपाट नगरातल्या राजाच्या चार सुनांपैकी तीन आवडत्या आणि एक नावडती. तिला उष्टे जेवण, जाडेभरडे नेसू, राहायला गुरांचा गोठा. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, त्यांच्याकडून ती वसा घेते आणि दर सोमवारी तांदूळ, तीळ, मूग अशी एकेक मूठ महादेवाला वाहून, नावडती आहे ती आवडती कर, असे मागते. एके दिवशी घरची माणसे तिच्या मागोमाग निघतात. तिचे देऊळ सोन्याचे होते, रत्नजडित खांब आणि हंड्या-झुंबरे दिसू लागतात. राजा आपले पागोटे तेथल्या खुंटीला अडकवून तळे पाहायला जातो. परत येऊन पाहतो, तर एक लहानसे देऊळ, आत पिंडी, तिच्यावर वाहिलेली पूजा आणि शेजारच्या खुंटीवर त्याचेच पागोटे. सुनेला विचारतो, तेव्हा ती सांगते, “माझ्या गरिबीचे हेच देऊळ.” मग राजा तिला पालखीत घालून घरी नेतो.

यात काय नाही ते पाहा. घरातच परकी झालेली मुलगी आहे, बाहेरून आलेली मदत आहे, काही काळच टिकणारे वैभव आहे, ते विरल्यावर मागे राहिलेली एक खरी वस्तू आहे आणि शेवटी वाहनात बसून घरी येणे आहे. काचेच्या जोड्याचे काम येथे खुंटीवरचे पागोटे करते. ही कहाणी फ्रान्समधून आली किंवा येथून तिकडे गेली, असे मी म्हणत नाही. इतकेच म्हणतो की, आपल्या मुलांच्या आज्यांना ही मुलगी आधीपासून माहीत आहे, म्हणून नाटक तेथून सुरू करावे.

राजवाडा बांधू नका. धाब्याचे घर, त्याची ओसरी आणि बाजूला चूल, एवढे नेपथ्य पुरे. नृत्याच्या रात्रीऐवजी आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, घ्यावी. लेकी माहेरी आल्या आहेत, निंबाला झोके बांधले आहेत, गौराईची गाणी चालली आहेत आणि एकीला घरातून निघू दिलेले नाही. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही मुलीला आखाजीच्या दिवशी झोक्यावर न जाता येण्याचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. परीला पंख लावण्यापेक्षा ग्रिम बंधूंचे झाड घ्या: झोका बांधला आहे तो निंब मुलीच्या वारलेल्या मायने लावलेला असावा. माय दिसू नये, फक्त फांदी हलावी.

घोडागाडीसाठी डांगर, म्हणजे भोपळाच, चालेल. भोपळ्यात बसून वाघाला चुकवत लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, त्यामुळे डांगराची दमणी, म्हणजे बैलांची छोटी गाडी, झाली तर त्यांना नवल वाटेल, पण खोटे वाटणार नाही. पुठ्ठ्याची गाडी रंगवण्यात आठवडा घालवू नका. दोन मुलांनी हातात बैलांच्या घुंगुरमाळा घेऊन पडद्यामागे वाजवल्या, तरी दमणी आली हे सगळ्या पटांगणाला कळेल.

राजपुत्र ठेवावा की नाही, हे आपण आणि मुलांनी ठरवावे. मला विचाराल तर मी तो वगळून ओळख पटवण्याचे काम घरातल्याच थोरल्या माणसाला देईन, कारण जिने रोज वाढले तिला घरच्यांनीच ओळखले नाही, यात या कथेचे खरे दुःख आहे. शहादा परिसरात घरी भिली किंवा पावरी बोलणारी मुलेही आपल्या वर्गात असतील. त्यांच्यावर अहिराणी संवाद लादू नयेत. पाखरांचे, झाडाचे, वाटेत भेटणाऱ्या माणसांचे बोल त्यांनी आपापल्या बोलीत म्हणावेत.

कुणी म्हणेल की परदेशी कथेची अशी मोडतोड योग्य नाही. त्यांना सांगावे की, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींनी ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीवरून ‘मनूबाबा’ लिहिले आणि इंग्लंडमधला तो एकाकी विणकर मराठी मुलांना आपल्याच गावातला वाटला.

संवाद लिहून झाले की पहिले वाचन वर्गात करू नका. एखाद्या संध्याकाळी मुलांना कुणाच्या तरी ओसरीवर न्या, गल्लीतल्या चार म्हाताऱ्या बायांना बोलवा आणि त्यांच्यासमोर वाचा. त्या मध्येच बोलतील, “अशी नाही बोलणार ती” म्हणतील, एखादी विसरलेली ओळ पुरवतील. एका मुलाला वही-पेन देऊन बाजूला बसवा आणि त्या जे जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला सांगा.